उणे

वेंडेलीन निवृत्त झाला त्याला सतरा वर्षं झाली,
बॉयलरघर पाडलं त्याला बारा.
धुराडं आडवं झालं तेव्हा सगळं हंडलोवा बघायला लोटलं होतं.
हा गेला नाही.
घरात बसून बेसिकला पुन्हा बोलतं करत होता.

म्हणजे काय, ते मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलताना:
जुनी यंत्रं गेली, त्यांच्यासाठी लिहिलेलं मागे राहिलं,
१०, २०, ३० अशा आकड्यांच्या ओळींत,
दर दोन ओळींमध्ये नऊ मोकळ्या जागा,
मागाहून आठवेल त्यासाठी.
ते आजच्या यंत्राला भरवायचं
तर मध्ये कुणीतरी चावून द्यायला हवं.
तो कंपायलर.
"चिमणी पिल्लाला देते तसं?"
"तसंच. फक्त चिमणीनं चव बदलायची नाही."

आणि कुलूप नाही. कुणीही न्यावा, खोलून बघावा,
सुधारला तर परत आणून द्यावा.
मी म्हटलं, माझं मोठं पातेलं कुख्तांनी असंच नेलंय,
शहाण्णव सालापासून.
तो हसला. सालं बादलीत टाकली.

ऑक्टोबरात पत्र आलं, चिले चिकोहून.
नकाशात बोट ठेवायला चष्मा लागला.
एदुविना सोतोमायोर, चेरीची एकशे दहा झाडं,
तिकडे तेव्हा बहर.
शेजाऱ्यानं कधीकाळी लिहून दिलेल्या चाळीस ओळी
रात्रभर पारा वाचतात, गोठण लागली की भोंगा वाजवतात,
मग ती उठून रांगांमधून शेकोट्या पेटवते.
जुनं यंत्र जळलं. तिनं वेंडेलीनचा कंपायलर घेतला.
बारा तारखेच्या रात्री भोंगा वाजलाच नाही.
सकाळी फुलाफुलाच्या पोटात काळा ठिपका,
खालच्या तिन्ही रांगा.

तिनं उणंदुणं काढलं नाही.
नुसती दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली,
एक जुन्या पिवळ्या कागदावरचं, एक याचं.
पारा उणे अर्धा अंश.
तिथे: उणे एक.
इथे: शून्य.

अकरा दिवस तो जेवताना बोलला नाही.
बाराव्या रात्री मला उठवलं.
"मी अपूर्णांक शून्याकडे तोडत होतो," म्हणाला,
"जुनं बेसिक खाली जायचं. नेहमी खाली.
उणे साडेतीन म्हणजे उणे चार.
बॉयलरघरातही तेच होतं, ओतीलिया.
त्याला बाहेर होती त्याहून जास्त थंडी वाटायची,
आणि मी फावडंभर कोळसा जास्त टाकत आलो."

मला हसू आवरेना.
पाचव्या इमारतीत जानेवारीत खिडक्या सताड उघड्या,
लोक बनियनवर पत्ते कुटत बसलेले,
पाव फुगायला चूल लागत नव्हती.
जिल्ह्याचा माणूस मात्र यायचा हिशेब तपासायला.
कोळसा का वाढला, याचा तीनदा लेखी खुलासा,
एका वर्षीचा बोनस गेला.
त्यात शिवणयंत्र घ्यायचं ठरलं होतं.
हे आठवल्यावर हसू थांबलं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
तिच्या डोक्यावर त्यानं आणखी एक ओळ लिहिली,
कंपायलर ओलांडून जातो अशी, माणसांपुरती:
इथे खालीच जा. बाहेर थंडी आहे.
मदतनिसांच्या यादीत एदुविनाचं नाव चढवलं.
तिनं तर एक अक्षरही लिहिलं नव्हतं,
मी म्हटलं. तो म्हणाला, दोन कागद शेजारी ठेवले ना.

मग शब्दकोश उघडून, स्पॅनिशमध्ये, बरंच खोडून:
चूक माझी. झाडं किती गेली?

उत्तर आलं: झाडं आहेत. फुलं गेली.
भोंगा काल वाजला, पहाटे तीनला. वरच्या रांगा वाचल्या.
तुमच्याकडे तेव्हा किती वाजले होते?

त्यानं बोटांवर मोजलं.
सात.
मी अंडी उकडत होते. खिडकी लावलेली होती.